पिल्लाच्या बारशाचा मान

आमच्या माहेरी नावं मी ठेवते. भावाच्या दोन्ही मुलांची मी ठेवली आणि चुलतभावांच्या मुलांचीही मीच, कारण त्यांना सख्खी बहीण नाही. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण मी त्याकडे मान म्हणून कधी बघितलं नाही, काम म्हणून बघितलं. नाव धक्क्यावरून मारलेल्या हाकेत पुरतं ऐकू आलं पाहिजे. चिडवायला घेतलं तर त्याचं काही वाईट होता कामा नये. आळीत त्या नावाचं कुणी असू नये आणि नुकतंच गेलेलंही असू नये. एवढं सगळं बघून, मागच्या दारी उभं राहून मी स्वतः एकदा ती हाक मारून बघते आणि मगच पाळण्याजवळ जाते.

त्यामुळे भावजयीने फोनवर "ताई, एक नाव पाहिजे" म्हटल्यावर मी आधी कागद ओढला आणि मग विचारलं, "कुणाकडे बारसं?"

"आपल्याकडेच."

"आपल्याकडे कोण आहे आता?"

"पिल्लू आहे."

"कसलं पिल्लू?"

"कुत्र्याचं गो, ताई. आता ओरडू नकोस."

मी ओरडले नाही. पेन मात्र खाली ठेवलं.

माझं माहेर धाकटी डहाणूचं. मी तलासरीला मुलींच्या एका वसतिगृहात गृहपाल आहे. धाकटा भाऊ बोटीवर असतो, भावजय मासळी सुकवते आणि तलासरीच्या आठवडे बाजारात सुकट, बोंबील विकायला येते. बाजाराच्या दिवशी मी तिच्यासाठी चहा घेऊन जाते आणि जाताना तिच्या रिकाम्या टोपल्या मोजून टेम्पोत चढवते. त्या आठवड्यात माल लवकर संपला होता. घरी जाऊन तिने टोपलीतलं गोणपाट झटकलं, तर त्यातून तांबूस रंगाचं, पांढऱ्या पायांचं पिल्लू खाली पडलं आणि सुकटीच्या वासाने शिंकलं.

"टोपल्या तूच चढवल्यास," भावजय म्हणाली. "म्हणजे तूच घातलंस ते."

"मी टोपल्या मोजते. त्यांच्यात हात घालत नाही."

"घातलंस म्हणून तक्रार नाही करत मी. नाव सांग."

नवल पिल्लाचं नव्हतं, तिचं होतं. आमच्या आळीच्या मागे वाळूत बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या असतात. त्या वलांडींवर बोंबील जोडीजोडीने टांगायचे आणि खाली जाळ्यांवर जवळा पसरायचा. तिथे कावळा वरून येतो आणि मांजर मागून येतं, पण सर्वांत मोठा शत्रू कुत्रा. काही वर्षांपूर्वी एका सकाळी खालच्या दोरीवरचे बोंबील गेले. भावजयीने आळीतल्या बायका गोळा केल्या आणि ठराव केला, की यापुढे आळीत कुणी कुत्रं पाळायचं नाही. त्या वेळी आळीत पाळलेलं कुत्रं एकच होतं, समोरच्या काकींचं. काकींचं म्हणणं, बोंबील मांजरांनी नेले. भावजयीचं म्हणणं, मांजर एवढं खात नाही. शेवटी काकींनी कुत्रा कोसबाडला बहिणीकडे नेऊन सोडला. त्या दिवसापासून दोघींच्या दारांमध्ये जेमतेम आठ हात अंतर असूनही बोलणं बंद. मीठ मागायचं तरी तिसऱ्या घरी.

आणि आता त्याच भावजयीला पिल्लू ठेवायचं होतं. मुलीचं लग्न झालं, मुलगा वापीला कंपनीत लागला, भाऊ बोटीवर गेला की घरात भांड्यांचाही आवाज होत नाही, असं ती कधी बोलली नसती. ती एवढंच म्हणाली, "माझ्या मागे मागे फिरतं गो. मोरीतसुद्धा येतं."

"आणि ठराव?"

ती म्हणाली, "बाकीच्या हसतात आणि सोडून देतात. पण समोरच्या काकी नाही म्हणाल्या, तर मला सोडावंच लागेल. नियम माझाच आहे, मी कुठल्या तोंडाने मोडू? म्हणून तर म्हणते, नाव लवकर ठेव. एकदा नाव पडलं की ते घरचं होतं. वलांडी भरायच्या आत झालं पाहिजे."

तिचा हिशेब मला पटला. बिननावाच्या जनावराला जा म्हणायला काही लागत नाही. मी पेन पुन्हा उचललं.

वसतिगृहात ही गोष्ट लपून राहिली नाही. रात्रीच्या जेवणाला मुलींनी मला घेरलं. एकीने चिकू सुचवलं. मी लगेच काट मारली. डहाणूत कुठल्याही वाडीपाशी उभं राहून चिकू म्हणून हाक मारा, तीन कुत्री धावत येतात. दुसरी म्हणाली, बाजाराच्या दिवशी मिळालं तर वाराचं नाव ठेवा. त्यावर तिच्या शेजारची उसळून म्हणाली, "माझ्या बापाचं नाव वाराचंच आहे, मॅडम. कुत्र्याला नाही ठेवायचं." तिचं बरोबर होतं. आमच्या भागात पाड्यापाड्यावर माणसांची नावं जन्मवारावरून असतात. सातही वार बाद झाले. इंग्रजी नावं मी आधीच बाद केली होती, कारण आळीतल्या म्हाताऱ्या त्यांचं काय करतील ते सांगता येत नाही.

उरलं तांबी. दोन अक्षरं, रंगाला धरून, शेवट लांबवता येतो. मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन एकदा जोरात हाक मारली. खालून स्वयंपाकाच्या मावशींनी विचारलं, "कोण हरवलं?" म्हणजे ऐकू जात होतं.

रविवारी सकाळी भिजवलेल्या हरभऱ्यांचा डबा घेऊन मी निघाले. बारसं करायचं तर घुगऱ्या हव्यातच, आणि त्यात माझा एक हेतू होता. आमच्याकडे मोठ्या माणसाला लहानाची जागा दाखवायची असली की तो म्हणतो, तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी. पण ते उलटंही लागू पडतं. ज्याने घुगऱ्या खाल्ल्या, त्याने ते नाव ऐकलं, आणि मग हे कुणाचं पोर असं त्याला विचारता येत नाही. आळीतल्या प्रत्येक बाईच्या तोंडात चार दाणे गेले की काम झालं, असा माझा अंदाज होता.

भावजयीने ओटीवरच्या वाशाला दोऱ्या बांधून एक धुतलेली टोपली टांगली होती. आत तिची जुनी साडी. पिल्लू टोपली सोडून बाकी सगळीकडे होतं. बायकांना सांगायला मी दारोदार गेले. कुणी पदर तोंडाला लावून हसली, कुणी विचारलं, "बाप कोण लिहिणार गो, दाखल्यावर?" पण येते म्हणाल्या सगळ्या. शेवटी राहिलं समोरचं दार.

काकी ओट्यावर फाटकं जाळं पसरून सुईने सांधत बसल्या होत्या. साठी ओलांडलेली बाई, गुडघ्यांनी दगा दिलेला, जिभेने नाही. मी पायरीवर बसले आणि बोलावणं केलं.

"कुत्र्याच्या बारशाला बोलावतेस?" त्या वर न बघता म्हणाल्या. "माझा कुत्रा गेला कोसबाडला, तेव्हा त्याच्या तेराव्याला कुणी आलं नाही."

"काकी, तेव्हा मी तलासरीला होते."

"तू नव्हतीस. ती होती." त्यांनी हनुवटीने समोरचं घर दाखवलं. "तिने तर सभा घेतली होती. दोनदा परत आला तो, चालत. इथे पायरीशी येऊन पडला. दोन्ही वेळा मीच उचलून रिक्षात घातला आणि सोडून आले. नियम म्हणजे नियम."

बोंबील कुत्र्याने नेले की मांजराने, हे आता ठरवून उपयोग नव्हता. असल्या वेळी मी सरळ विचारते. वसतिगृहात दोन मुली भांडल्या तरी मी हेच विचारते.

"काकी, तुम्हाला काय पाहिजे?"

त्यांनी पहिल्यांदा सुई थांबवली. "मला काय पाहिजे? पिल्लाने काय माझं खाल्लं? राहू दे की. पण तिने येऊन विचारलं पाहिजे. तू वकील म्हणून आलीस, ते नको."

"ती येईल."

"आणि नाव मी ठेवणार."

हे मी धरलं नव्हतं. "काकी, तो आत्याचा मान असतो."

"मग बस तुझ्या मानावर," काकी म्हणाल्या आणि सुई पुन्हा चालू झाली.

मला राग आला. का नाही येणार? गच्चीवर जाऊन हाक मारून पारखलेलं नाव होतं. काकी काय ठेवतील, ते हाकेला चालेल का, त्यात टोमणा किती असेल, काही माहीत नव्हतं. पण मी पायरीवर बसून दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. माझं नाव आणि पिल्लू घराबाहेर, किंवा काकींचं नाव आणि पिल्लू घरात. असं मांडल्यावर निवडायला फार वेळ लागत नाही.

"ठेवा," मी म्हटलं. "पण शिवी नको. आणि तीन अक्षरांच्या पुढे नको."

"बघू," काकी म्हणाल्या.

भावजयीला समजावणं जास्त कठीण गेलं. तिने आधी कमरेवर हात ठेवले. "मी जाऊ विचारायला? त्यांच्या पायरीवर?"

"त्या दोन वेळा परत आलेला कुत्रा रिक्षात घालून सोडून आल्या तुझ्या नियमापायी. तू आठ हात चाल."

"दोन वेळा?" तिने विचारलं. तो परत आल्याची तिला एकच वेळ माहीत होती. दुसऱ्या वेळी काकी पहाटे, कुणी उठायच्या आत गेल्या असणार. भावजयीने हात धुतले, केस नीट केले, पिल्लू उचललं आणि रस्ता ओलांडला.

काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. आळीतल्या सगळ्या बायका त्या क्षणी आपापल्या दारात काहीतरी निवडत होत्या, त्यांनाही आलं नसावं. दिसलं एवढंच, की काकींनी हात पुढे केले नाहीत आणि भावजयीने पिल्लू सरळ त्यांच्या मांडीवरच्या जाळ्यात ठेवून दिलं. त्याने लगेच जाळं चावायला घेतलं.

"ए, ए! दोन दिवसांचं काम आहे माझं!" काकी ओरडल्या. आणि भावजयीला म्हणाल्या, "मला उठव आता. गुडघे धरलेत."

बारसं साग्रसंगीत झालं. बारशात बाळाला पाळण्यात घालायच्या आधी एक बाई एका बाजूला, दुसरी दुसऱ्या बाजूला उभी राहते आणि बाळ पाळण्याच्या वरून आणि खालून एकमेकींच्या हातात देतात. कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या. एरवी यासाठी कुणीही दोघी उभ्या राहतात. मी मुद्दाम एका बाजूला काकींना उभं केलं आणि दुसऱ्या बाजूला भावजयीला. कुणी काही म्हणायच्या आत पिल्लू काकींच्या हातात दिलं.

काकी म्हणाल्या, "गोविंद घ्या." समोरच्या भिंतीला उद्देशून म्हटल्यासारखं.

भावजयीने घेतलं. "गोपाळ घ्या." तीही टोपलीशी बोलत होती.

दुसऱ्या फेरीला पिल्लाने काकींच्या बांगड्या दातात धरल्या आणि सोडायला तयार होईना. बांगड्या सोडवायला दोघींना चार हात एकत्र आणावे लागले. "हळू गो, काच आहे," काकी म्हणाल्या. "तुम्ही ओढू नका, मी बोट घालते त्याच्या तोंडात," भावजय म्हणाली. त्या दोघींचं एवढं सलग बोलणं आळीने कित्येक वर्षांनी ऐकलं.

मग काकी नाव ठेवायला वाकल्या. नाव ठेवणारी बाळाच्या कानात कुर्र्र करते, तेव्हा बाकीच्या तिच्या पाठीत धपाटे घालतात. गमतीचे असतात. भावजयीने घातला, तो जरा जोरात बसला. काकी टोपलीवर झुकल्या, सावरल्या, मागे वळून म्हणाल्या, "सगळ्या वर्षांचा राग एकदम काढलास होय गो!"

आळी खो खो हसली. भावजय लाजली, मग तीही हसायला लागली. तिला हसू आवरेना, तेव्हा डोळे पुसायला तिने पिल्लाचीच साडी घेतली.

"नाव काय ठेवलं?" मी विचारलं. माझं लक्ष कामावर होतं.

"पाहुणी," काकी म्हणाल्या.

"पाहुणी?"

"आलीय. राहील तेवढी राहील. होळीपर्यंत बघू. एक जरी बोंबील खाली दिसला, तर पाहुणी आपल्या घरी. मंजूर?"

सगळ्यांनी भावजयीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मंजूर." मी मनातल्या मनात नाव तपासलं. तीन अक्षरं, शेवट लांबतो, शिवी नाही. आळीत कुणाचं असण्याचा प्रश्नच नव्हता. तांबीइतकं खणखणीत नव्हतं, पण चालणारं होतं. घुगऱ्या वाटल्या. काकींनी दुसऱ्यांदा मागून घेतल्या आणि मीठ कमी आहे म्हणाल्या.

भाऊ बोटीवरून आला तेव्हा मी तलासरीला परतले होते. त्याचा फोन आला. "घरात कुत्रं आहे, त्याचं बारसं झालं, समोरच्या काकी आमच्या ओटीवर बसून चहा पितात. मला विचारलं कुणी?"

"तू बोटीवर होतास."

"मग पुढच्या वेळी परत येऊ नको का?"

बोंबील सुकवायचा हंगाम सुरू झाला. वलांडी भरल्या. मी काही नशिबावर सोडणारी बाई नाही, म्हणून पहिल्याच महिन्यात पर्यायी व्यवस्था केली. कैनाडला माझ्या ओळखीचं एक शेतकरी कुटुंब आहे, त्यांची मुलगी आमच्या वसतिगृहात होती. त्यांना सांगून ठेवलं, की होळीनंतर कदाचित एक चांगली कुत्री येईल. ते आनंदाने हो म्हणाले. भावजयीला मी हे सांगितलं नाही. तिला आशा करू द्यावी आणि जागा आपण शोधून ठेवावी, अशी माझी पद्धत आहे.

पाहुणीला वळण मात्र भावजयीने लावलं. बोंबलाकडे नाक गेलं की नाकावर टिचकी, कावळ्यामागे धावली की शाबासकी. थोड्याच दिवसांत कावळे आमच्या बाजूला उतरेनासे झाले. मग ते काकींच्या बाजूला उतरू लागले. काकींनी ते दोन सकाळी सहन केलं आणि तिसऱ्या सकाळी भावजयीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पाहुणी काय फक्त तुझीच आहे?" त्यानंतर ती सकाळी आमच्या वलांडीखाली आणि दुपारी काकींच्या, असं ठरलं. कुणी ठरवलं, कळलं नाही. मला विचारलं असतं तर मी वेळा नीट लावून दिल्या असत्या.

तक्रारीही सुरू झाल्या, आणि त्या थेट मला यायच्या. काकींनी माझा नंबर घेतला होता. "तुझ्या भावजयीला सांग, पाहुणीला रात्री भात जास्त घालते, सकाळी आळसावते." "पाहुणीने माझ्या जाळ्यावर झोप काढली." "पाहुणीच्या अंगावर गोचीड आहे, डॉक्टरला विचार." प्रत्येक तक्रार मी ऐकून घ्यायची, काय करायचं ते सांगायची. बोंबलाची तक्रार एकही आली नाही. पण होळी जवळ येत होती आणि मुदतीबद्दल दोघींपैकी कुणी अवाक्षर काढत नव्हतं. भावजय विचारायला घाबरत होती. काकींचं मन मला कळत नव्हतं. कैनाडचे लोक मात्र विचारत होते.

होळीला मी सुट्टी टाकून गेले. धाकटी डहाणूला होळी म्हणजे बोटी किनाऱ्याला, पताका लावलेल्या, आणि प्रत्येक घरात पाहुणे. संध्याकाळी होळी पेटली. पाहुणी ढोलांना घाबरून काकींच्या ओट्यावर, त्यांच्या पायांमागे जाऊन बसली होती. काकी जवळा निवडत होत्या. भावजय समोर आमच्या दारात उभी, हातात नैवेद्याचं ताट, आणि तोंडावर सगळी मुदत लिहिलेली.

अर्धवट पडलेली गोष्ट मला सहन होत नाही. मी सरळ काकींच्या पायरीवर गेले. "काकी, होळी आली."

"दिसतंय."

"मुदत होती. पाहुणीची."

"कसली मुदत?"

"तुम्हीच म्हणालात. होळीपर्यंत बघू. सगळ्यांसमोर."

काकींनी जवळ्यातून एक छोटासा खेकडा काढून बाजूला टाकला. "म्हणाले. कुठल्या वर्षाची होळी, ते म्हणाले होते का?"

समोरच्या दारात ताट खडखडलं. भावजय रस्ता ओलांडून आली, ताट काकींच्या ओट्यावर ठेवलं, पुरणपोळीचा एक तुकडा मोडून पाहुणीपुढे टाकला आणि काकींच्या शेजारी बसून जवळा निवडू लागली.

"देवाच्या आधी कुत्र्याला?" काकी म्हणाल्या.

"देव बघतोय," भावजय म्हणाली. "त्याचं काही म्हणणं नाही."

मी बाजूला जाऊन कैनाडला फोन लावला आणि कुत्री येत नसल्याचं कळवलं. तिकडच्या बाई हिरमुसल्या. "आम्ही तर नावपण ठेवलं होतं, मॅडम," त्या म्हणाल्या. मी पुढच्या पिल्लाचं लक्षात ठेवीन म्हणून सांगितलं आणि फोन बंद केला. काय नाव ठेवलं होतं ते विचारलं नाही. विचारलं असतं, तर ते बरोबर की चूक हे सांगितल्याशिवाय मला राहवलं नसतं.